ड्युटीवरचं बिस्किट

आमच्याकडे अमळनेरला मीटर रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा "बसा ना, चहा टाकलाय" म्हणतात, आणि तो नको म्हणून निघून गेला तर सासूबाईंना रात्री झोप येत नाही. अशा घरात एक पाहुणा येणार, ज्याला हात लावायचा नाही, ज्याच्याशी बोलायचं नाही, ज्याच्या डोळ्यात बघायचं नाही आणि मुख्य म्हणजे ज्याला खायला काहीही द्यायचं नाही, आणि हे सगळं अपमान करायला नाही तर त्याला त्याचं काम नीट करता यावं म्हणून, हे जेव्हा फॅमिली ग्रुपवर आलं तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं नणंदेचा मोबाइल हॅक झाला.

पाहुण्याचं नाव बिस्किट. काळाकुळकुळीत लॅब्राडोर. नणंदेची मुलगी तिकडे अमेरिकेत कॉलेजला आहे, तिला लहानपणापासून टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही, बाहेरूनच घ्यावं लागतं. हा तिचा सर्व्हिस डॉग. तिची शुगर खाली जायला लागली की वासात काहीतरी फरक पडतो तो ह्याला कळतो, मग हा तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवतो, ती चेक करते, ज्यूस पिते. दंडाला सेन्सर पण आहे, मोबाइलवर आकडे दाखवतो, पण सेन्सर रक्तापेक्षा थोडा मागे चालतो आणि बिस्किट कधी कधी त्याच्या आधीच सांगून मोकळा होतो. तर नाताळच्या सुट्टीत हिला आजीकडे यायचं होतं आणि ही येणार म्हणजे तो येणारच.

विमानात तो तिच्या पायाशी बसून आला. त्यासाठी केवढे कागद! त्यातला एक मला फार आवडला, प्रवास आठ तासांच्या वर असेल तर कुत्रा विमानात घाण करणार नाही, किंवा केलीच तर आरोग्याचा प्रश्न येणार नाही अशी, हे तिकडे लेखी द्यावं लागतं. आमच्या लग्नाच्या वऱ्हाडाकडून एसटीवाल्यांनी असं काही लिहून घेतलं असतं तर आमची अर्धी लग्नं गावातल्या गावात झाली असती.

गाडी दारात लागली तेव्हा अर्धी गल्ली ओट्यावर. बिस्किट उतरला, अंगात लाल जॅकेट, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की मी कामावर आहे, मला हात लावू नका. कुणी वाचलं नाही. ज्यांनी वाचलं त्यांनी 'सर्व्हिस' एवढंच वाचलं आणि संध्याकाळपर्यंत बातमी अशी फिरली की आमच्याकडे पोलिसांचं कुत्रं आलंय, वास घेऊन पकडतं. आमच्या मागच्या गल्लीत थर्टीफर्स्टच्या पार्टीचं सामान महिनाभर आधीच येऊन पडतं, ते त्या रात्री कुठेतरी शेतात शिफ्ट झालं म्हणे. खरं खोटं खंडोबा जाणे.

भाचीने मला समजावलं, मामी, तिकडे कायदा आहे, एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा, १९९० चा, दुकानदार असो की हॉटेलवाला, समजा त्याला शंका आली तर तो फक्त दोन प्रश्न विचारू शकतो. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. संपलं. आजार कोणता ते विचारायचं नाही, कागद मागायचे नाहीत, करून दाखव म्हणायचं नाही. मी म्हटलं बाई गं, दोन प्रश्नांत तर आमच्याकडे फक्त गाव कोणतं आणि आडनाव काय एवढंच होतं.

आणि तसंच झालं. कितलामा पडना, म्हणजे केवढ्याला पडला? जात कोणती? नर का मादी? लग्न केलं का त्याचं? का नाही केलं? पोरीला झालंय काय? लहानपणी गोड खूप खायची का? (नाही. टाइप वनचा गोड खाण्याशी संबंध नाही. हे वाक्य मी त्या सुट्टीत इतक्या वेळा बोलले की शेवटी मी ते म्हणतच दार उघडायचे.) मग प्रत्येकाचा एकेक उपाय. मेथीचं पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर, आणि एका काकूंनी तर पावडर डब्यात भरूनच आणली, तिच्यासाठी नाही, कुत्र्यासाठी, म्हणजे "त्याचं काम हलकं होईल". किमतीचा प्रश्न भाचीने टाळला नाही, प्रामाणिक पोरगी, तिने ट्रेनिंगचा खर्च डॉलरमध्ये सांगितला, आमच्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तिथल्या तिथे ऐंशीने गुणलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दोन ट्रॅक्टर बसलेत तिथं पलंगाखाली," एवढंच म्हणाले.

त्याच कायद्यात कुत्र्याशिवाय फक्त छोट्या जातीच्या घोड्याची वेगळी सोय आहे, तो पण असं काम शिकतो, हे ती बोलून गेली आणि तिथे चुकलंच. अण्णा दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराला जातात, घेत काही नाहीत, नुसते दात बघतात. ते एकदम सरसावून बसले. "मग कुत्रं कशाले? घोडा ने ना! मी निवडून देतो!" विमानात घोडा कसा नेणार ह्यावर मग जेवणं होईपर्यंत चर्चा.

सगळ्यात जास्त समजून कुणी घेतलं असेल तर आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी. ते रेल्वेतून रिटायर झालेले, गार्ड होते, त्यांना 'ड्युटी' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. जॅकेट अंगात म्हणजे ऑन ड्युटी, जॅकेट काढलं की ऑफ, हे त्यांनी सगळ्या घराला शिकवलं. पण रात्री झोपेत शुगर कमी झाली तरी बिस्किट उठून पोरीला उठवतो हे ऐकल्यावर ते बिथरलेच. चोवीस तास? रेस्ट नाही? वीकली ऑफ नाही? युनियन काय करते? आणि आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, प्रश्न त्याच्याही पुढचा, "पगार कितला शे त्याले?" पगार नाही म्हटल्यावर त्या उठल्या आणि सरळ भाकरीच्या टोपलीकडे गेल्या.

तर खरी लढाई ही होती. फ्रिजवर भाचीने यादी चिकटवलेली, बिस्किटला काय चालत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, शिजवलेली हाडं. आईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं की मग आपल्या घरात उरलं काय. प्रश्न बरोबर होता. आमचा काळा मसालाच कांदा, लसूण आणि खोबरं भाजून होतो. ह्या घरात कांदा-लसणाचा हात न लागलेलं काही असेल तर ते पाणी, आणि त्याची पण मी खात्री देणार नाही. बिस्किटला त्याचं स्वतःचं खाणं होतं, कोरडे गोळे, मापाने, दोन वेळा. आईंनी एक गोळा उचलून वास घेतला आणि डोळ्याला पदर लावला.

त्यात नाव बिस्किट. पोरगी हाक मारायची "बिस्किट, कम" आणि आई आतून डबा घेऊन हजर.

भरीत पार्टीला शेतात गेलो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातायत, लाकडी बडजीत मिरच्या-लसूण ठेचला जातोय, केळीच्या पानांवर कळण्याच्या पुऱ्या पडतायत, तो वास असा की आमच्या एका डायटवाल्या दिराने तिथेच डायट सोडलं. बिस्किट पोरीच्या पायाशी बसलेला. हलला नाही. फक्त तोंडातून लाळेची तार, जमिनीपर्यंत. तीसेक माणसं त्याच्याकडे लक्ष न देण्याचा प्रयत्न करत होती, म्हणजे जेवण सोडून फक्त तेवढंच करत होती. शेतावरच्या सालदाराचा कुत्रा मोत्या बाजूला बसून चौथी पुरी खात होता आणि बिस्किटकडे असं बघत होता की शिकून काय मिळवलंस भाऊ.

मग आली चंपाषष्ठी. अधिक महिन्याचं वर्ष होतं म्हणून ती डिसेंबरच्या मध्यावर, बरोबर सुट्टीत सापडली. आईंचं चातुर्मासात वांगं-कांदा-लसूण बंद असतं ते ह्या दिवशी सुटतं, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि कुत्रा खंडोबाचा, म्हणून एक वाटा कुत्र्याला. दरवर्षी हा वाटा घेऊन मी गल्लीत हिंडते, आणि गल्लीतली कुत्री घरोघरचं भरीत खाऊन उताणी पडलेली असतात, एक पण उठत नाही. ह्या वर्षी कुत्रा घरात. देवानेच पाठवला. आई ताट घेऊन निघाल्या आणि भाची आडवी. आजी, ह्यात कांद्याची पात आहे, लसूण आहे, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आई म्हणाल्या नैवेद्याने कुणाला काही होत नसतं. एकीकडे साक्षात मल्हारी मार्तंड, दुसरीकडे व्हेटर्नरी सायन्स, मध्ये मी, हातात पाण्याचा तांब्या.

तोडगा आबांनी काढला. नुसत्या भाजलेल्या वांग्याचा एक घास, बडजीत जायच्या आधीचा, आणि रोडग्याचा कोरडा तुकडा. भाची तयार झाली. पण ड्युटी! जॅकेट अंगात असताना खायचं नाही. इकडे तळी भरलेली, पान-सुपारी-खोबरं-भंडारा, पाच पुरुषांनी तामण उचललेलं, "येळकोट येळकोट" सुरू झालेलं, आणि आबा ओरडले, "थांबा! चार्ज देणं बाकी आहे!" तामण हवेत. भाचीने सेन्सर बघितला, मग मीटरने बघितलं, सगळं ठीक, मग जॅकेटचं बक्कल अडकलं, अण्णांचे हात थरथरायला लागले, एकदाचं जॅकेट निघालं.

जॅकेट काढल्यावर बिस्किट कोण होतो हे आम्हाला तोवर नीट माहीत नव्हतं. इतके दिवस संत म्हणून वावरणारा तो प्राणी घास गिळून असा उधळला की तामणाखालून आरपार, आबांची कानटोपी तोंडात, सांडलेल्या भंडाऱ्यात दोनदा लोळून काळ्याचा पिवळा होऊन बाहेर. समोरच्या काकूंनी त्याला रस्त्यातच थांबवून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी दर्शनाला माणसं.

नाताळ त्या मानाने काहीच नाही. आमच्याकडे २५ डिसेंबरला फक्त बँक बंद असते. पोरीने कुंडीतल्या झाडाला लायटिंग केलं, बिस्किटसाठी मोजा टांगला, आबांचा लोकरीचा, दुसरा मिळेना म्हणून आबा एका पायात मोजा घालून हिंडले. बेकरीतून केक आणला त्यात बेदाणे, तो फ्रिजवर वरती. ह्यापेक्षा जास्त काही झालं नाही.

झालं ते दत्तजयंतीला. त्या वर्षी गुडघ्यामुळे अण्णांची सारंगखेड्याची वारी हुकली, ते दिवसभर उपास धरून आमच्याच ओट्यावर. त्यांना साधी आपली नेहमीची शुगर, सकाळची गोळी मात्र इमानदारीत घेतलेली. संध्याकाळी बिस्किट ऑफ ड्युटी अंगणात लोळत होता तो उठला, अण्णांजवळ गेला, हुंगलं, आणि गुडघ्यावर पंजा ठेवला. अण्णा घामेजलेले होते, पण खूश. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे म्हणजे चार वेद, त्यातला एक आपल्याला आशीर्वाद द्यायला आला, असं काहीतरी ते बोलायला लागले आणि बोलणं जरा अडखळतंच होतं. बिस्किटने पंजा काढून परत ठेवला. भाची मीटर घेऊन धावली. ५८. सत्तरच्या खाली म्हणजे कमी. तिने तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत चेक केलं, मग जेवायला बसवलं. अण्णांनी उपास मोडला म्हणून आई नाराज, अण्णा म्हणाले दत्तानेच मोडला. डॉक्टरांनी नंतर उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते नीट समजावलं, ते सोडा.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर ओट्यावर रांग. काका, काकू, रिटायर्ड मास्तर, सगळे उपाशीपोटी, शाली गुंडाळून, गुडघे पुढे करून. लॅबमध्ये पैसे पडतात, सुई टोचतात, इथं नुसता पंजा. भाचीने परोपरीने सांगितलं की तो माझ्या वासावर शिकलाय, दुसऱ्याचं कळेलच असं नाही, त्याच्यावर अवलंबून राहू नका. सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणीही उठलं नाही. बिस्किट रांगेसमोरून शू करायला गेला आणि शू करून परत आला. मास्तर म्हणाले, "म्हणजे नॉर्मल," आणि घरी जाऊन जिलेबी खाल्ली असं त्यांच्या मिसेस सांगत होत्या.

आणि मग जायच्या आदल्या आठवड्यात भाची काळजीत. बिस्किट पंजा ठेवतोय, ही चेक करते तर एकशे दहा. परत पंजा, परत नॉर्मल. वासात गडबड झाली की काय, थंडीने झालं की काय, तिने शेवटी ट्रेनरला व्हिडिओ कॉल लावला. ट्रेनर शांतपणे विचारत होती की पंजा ठेवला की त्याला कुणी काही देतं का, तो पंजा ठेवताना नेमका बघतो कुठे. आम्ही सगळ्यांनी बिस्किटकडे बघितलं. तो भाकरीच्या टोपलीकडे बघत होता.

"आजी?" भाची म्हणाली.

"मी काहीच करेल नही वं माय," आई म्हणाल्या, आणि त्यांच्या मांडीवर पंजा होता, आणि पदराखाली हात.