फज पेडलला घरातली वीज थेट देऊ नका

‘शंभर रुपयांत गिटारचं फज पेडल’ (गिटारचा आवाज खरखरीत, फाटका करणारी पायाने चालवायची डबी) हा व्हॉट्सॲप मेसेज माझ्या भाच्याकडे आला आणि राजारामपुरीतल्या घरी त्याने सामानही मांडलं. त्यात लिहिलंय: नऊ व्होल्टची बॅटरी लगेच संपते, म्हणून ट्रान्सफॉर्मर न घालता कंडेन्सर आणि झेनर डायोडने थेट २३० व्होल्टवरून सप्लाय घ्या, करंट मिलिअँपिअरमध्येच असतो, शॉक लागत नाही.

साफ खोटं, आणि जिवावर बेतणारं. गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारा टेकतात त्या धातूच्या पट्टीतून) सर्किटच्या ग्राउंडलाच जोडलेल्या असतात. या सप्लायमध्ये ते ग्राउंड न्यूट्रलला बांधलेलं. टू-पिन प्लग उलटा बसला की तिथे फेज येतो, मधे कंडेन्सरसुद्धा नसतो. म्हणजे पोरगं पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून २३० व्होल्टच्या तारा छेडणार! प्लग सरळ असला पण न्यूट्रल सुटली, तरी ०.४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे ३४ मिलिअँपिअरपर्यंत करंट सोडू शकतो. माणूस वाचावा म्हणून घरात बसवतात ती आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरची असते. ‘मिलिअँपिअरमध्येच’ म्हणे! मायक्रोचिप कंपनीचं एएन९५४ हे टिपण नेमकं अशाच सप्लायवर आहे, आणि तो मेन लाइनपासून अलग नसल्याने धोक्याचा असतो हे त्यातच दिलंय.

शिवाय एवढा खटाटोप कशाला? फज फेस या जुन्या नावाजलेल्या पेडलसारखं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट एक मिलिअँपिअरही खात नाही. बॅटरी उतरते ती केबल खोचून ठेवल्यामुळे. इनपुटचा स्टिरिओ जॅकच बॅटरीचा स्विच असतो. वाजवून झालं की केबल काढायची, बस.

‘जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरशिवाय आवाजच नाही’ असंही म्हणतात, ते अर्धं खरं. १९६६ चं फज फेस जर्मेनियमवरच होतं, त्याचा आवाज मऊ, मान्य. पण पुढे त्याच पेडलमध्ये सिलिकॉनचा बीसी१०८ ट्रान्झिस्टर आला. जर्मेनियममधून गळणारा करंट उकाड्यात वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरचं ठरवून दिलेलं व्होल्टेज) सरकतो. जुन्या रेडिओतल्या जर्मेनियमच्या एसी१२८ पायी पैसे घालण्यापेक्षा सिलिकॉनच्या बीसी५४७ वर शिकावं. फक्त एसी१२८ पीएनपी आणि बीसी५४७ एनपीएन, म्हणजे करंटची दिशा उलटी, तेव्हा एसी१२८ च्या सर्किटमधली बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उलटे लावायचे.

शंभर रुपयांत आतले सुटे भाग येतील. डबा, जॅक आणि पायाने दाबायचा स्विच यांचे पैसे मेसेजने धरलेलेच नाहीत.

ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला, त्यांनी आजच त्याच ग्रुपवर लिहावं की सप्लायचा भाग कुणीही करू नये.