कोळणीला आरसा बघायला वेळ नसतो म्हणे!

गेले काही दिवस आमच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'आपल्या देहाबद्दल नाराज राहणं हे शहरी पोरींचं खूळ. डोक्यावर माशांची पाटी घेणाऱ्या कोकणी बाईला आरसा बघायला वेळ नसतो. आणि म्हणे चित्रं दाखवून ही नाराजी मोजतात! मन काय पायलीने मोजायचं भात आहे?'

आधी आरशाचं बघू. वेंगुर्ल्यात मी ब्लाऊज शिवून घेते त्या बाईंकडे परवा एक मासेवाली आली होती. पाट्या उचलून घडलेले तिचे दंड एखाद्या पैलवानाने मिरवावेत असे. पुतणीच्या लग्नातला ब्लाऊज टाकताना म्हणाली, "बाही कोपराखाली घे गो, दंड दिसूक नको." मे महिन्यात! घामाने भिजली तरी चालेल, पण दंड झाकले पाहिजेत. आरसा तिने कुठे पाहिला होता?

आता मोजण्याचं. देहाबद्दलची नाराजी मोजायला १९८७ साली ब्रिटनमध्ये तयार झालेल्या एका प्रश्नावलीत ३४ प्रश्न आहेत. गेल्या चार आठवड्यांत अमुक एक गोष्ट किती वेळा वाटली किंवा केली, याचं उत्तर 'कधीच नाही' ते 'नेहमीच' अशा सहा पायऱ्यांवर द्यायचं. अंगाची ठेवण जाणवेल असे कपडे टाळलेत का, हाही त्यातलाच एक प्रश्न. म्हणजे कोपराखालच्या बाहीचाच की!

चित्रांची पद्धत १९८३ची, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. अगदी हडकुळ्या ते अगदी लठ्ठ अशा, एक ते नऊ आकडे दिलेल्या नऊ आकृत्या. तू आत्ता यातली कोणती, आणि कोणती व्हावंसं वाटतं? दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे नाराजी. वजनकाट्याचा इथे संबंध नाही. जाड बाईचं अंतर शून्य असू शकतं आणि बारीक मुलीचं तीन. आमच्याकडे तर ते उलट्या दिशेलाही जातं. "सासरी जेवूक घालत नाय काय गो?" हे दहा जणींकडून ऐकलेली नवी सून जाड आकृतीवरच बोट ठेवील.

'शहरी खूळ' याला फिजी बेटांचं उत्तर आहे. तिथे भरलेल्या अंगाचं कौतुक असे. नाद्रोगा भागात १९९५मध्ये टीव्ही आला. अमेरिकी संशोधक ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा १९९८मध्ये पाहणी केली. खाण्याच्या बिघडलेल्या सवयी तपासणाऱ्या चाचणीत धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या आधी एकही नव्हत्या, नंतर ११.३ टक्के. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या, त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडता येत नाही. पण समुद्राकाठच्या गावाला हे शिवत नाही, असं तरी म्हणू नका.

त्या नऊ चित्रांवर एक आक्षेप मात्र मीही घेईन. ती नुसत्या रेघांची, त्यांत काळी-गोरी काही कळत नाही. आमच्याकडची अर्धी नाराजी तिथेच निसटते. मेसेज पाठवणाऱ्या भाऊंनी हा मुद्दा काढला नाही. त्याच ग्रुपवर शेजारच्या लग्नाच्या फोटोखाली त्यांनीच लिहिलं होतं, 'सून गोरी मिळाली हो!'