‘रक्तातच असतं’ म्हणे!

रविवारी सकाळी भाच्याने इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या लीड्सहून एक फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न: “मावशी, हे खरंय ना? शनिवारी मित्राच्या मेंढ्यांवर सोडू का हिला?” ही म्हणजे त्याची चार महिन्यांची बॉर्डर कॉली, मेंढ्या वळणाऱ्या जातीची कुत्री. दुपारपर्यंत तोच मजकूर घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला, म्हणून इथे एकदाच लिहिते.

मजकूर थोडक्यात असा: बॉर्डर कॉलीला मेंढ्या वळायला शिकवावं लागत नाही, ते रक्तातच असतं. पिल्लू लहान असतानाच कळपात सोडा, भुंकून-चावून ते आपोआप कळप आणतं. आदल्या दिवशी उपाशी ठेवलं तर उत्तम. आपले धनगर हेच करतात. सुट्टीतला निरुपद्रवी छंद!

रक्तात असतं, हे मान्य करावंच लागतं. डोकं खाली घालून, नजर रोखून मेंढीकडे सरकणं कुणी शिकवू शकत नाही. पण रक्तात नेमकं असतं काय? शिकार. हेरणं, दबा धरणं, पाठलाग, चावा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पहिला भाग ठळक केला आणि शेवटचा दाबला. दाबला, पुसला नाही. माझ्याच कुत्र्याच्या दुसऱ्या धड्याला दोर हातातून सुटला, मेंढी बिथरून पळाली, आणि पुढच्या क्षणी हा तिच्या मांडीची लोकर तोंडात धरून लोंबकळत होता. मला त्या शेतकऱ्याकडे बघवेना.

शिवाय आत्ता फेब्रुवारी आहे. यॉर्कशरच्या डोंगरातल्या मेंढ्या गाभण आहेत. पळवल्या तर गाभडतात. हे माझ्या पदरचं नाही. इंग्लंड-वेल्समधला १९५३चा पशुधन संरक्षणाचा कायदा वाचा. नुसता हल्लाच नव्हे, तर जनावराला इजा होईल किंवा मादी गाभडेल अशा तऱ्हेने कुत्र्याने केलेला पाठलागही त्यात गुन्हा आहे. मेंढ्यांच्या कुरणात कुत्रा मोकाट असणंसुद्धा. त्या मोकाटपणातून सूट मिळालेल्यांत मेंढ्या वळणारा कुत्रा आहे खरा, पण त्याच्यामागे एक शब्द लावलाय: ‘प्रशिक्षित’. रक्ताचा उल्लेख नाही. मित्राची परवानगी असली तर तू मोकाटपणाच्या कलमातून सुटशीलही. गाभडलेल्या मेंढीला त्याचा काय उपयोग?

आणि चार महिन्यांचं पिल्लू मेंढीच्या पुढे जाऊच शकत नाही. वळसा घालता येत नाही म्हणून मागे धावत राहतं आणि तेवढंच शिकतं. एखाद्या खमक्या मेंढीने ढुशी दिली तर कायमची धास्ती घेतं. साधारण आठ महिने ते वर्षाच्या दरम्यान सुरुवात करतात, तीही दोर बांधून, कुत्र्याला सरावलेल्या चार-सहा मेंढ्यांवर. पहिला धडा मेंढ्या आणण्याचा नसतोच, थांबण्याचा असतो: ‘लाय डाउन’. मग खरी गंमत. कुत्रं आपसूक कळपाच्या पलीकडे, आपल्या बरोबर समोर जाऊ पाहतं. ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे निघालं की म्हणायचं ‘कम बाय’, उलट निघालं की ‘अवे’. चाल त्याची, नाव आपलं. एवढं बसायलाही महिने जातात.

भुंकून-चावून? नॉर्थंबरलंडमध्ये १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा गाजला तो शांतपणे काम करण्यासाठी, आणि आजच्या बहुतेक बॉर्डर कॉली त्याच्याच वंशातल्या. भुंकणाऱ्याचं रक्त शोधायचं तर दुसरीकडे बघा.

उपाशी ठेवण्याबद्दल काय बोलायचं? हे काम हाच कॉलीचा खाऊ असतो. भुकेल्या कुत्र्याला मेंढ्यांत सोडायचं ज्याला सुचलं, त्याने दोन्हीपैकी एकही प्राणी पाहिलेला नसावा.

धनगरांना यात उगाच ओढलंय. माळावर मेंढ्यांच्या तळाबरोबर कुत्री असतात ती लांडग्यापासून राखणीला. मेंढ्या वळतो तो धनगर स्वतः, हाळी देऊन, काठी घेऊन.

छंद म्हणाल तर लागतो, जबर लागतो. माझे तीन वर्षांचे शनिवार त्यात गेलेत, बहुतेक पावसात. १८७३ साली वेल्समधल्या बाला गावात मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली जाहीर स्पर्धा झाली तेव्हापासून लोक हौसेने कुत्री घेऊन येतायत. पण शिकवून.

तर शनिवारी सोडू नकोस. तिला पोटभर जेवू घाल, ‘लाय डाउन’ दिवाणखान्यात पक्कं कर, आणि ऑक्टोबरात दहा मीटरचा दोर घेऊन माझ्याबरोबर ये. तो फॉरवर्ड तुला कुणी पाठवला, तेवढं मात्र आजच कळव.