'बोलतं व्हा' ठीक आहे, पण जायचं कुठे?

एखाद्या आत्महत्येची बातमी आली की दोन दिवस फेसबुकवर 'बोलतं व्हा', 'मी आहे ना, कधीही फोन कर' अशा पोस्टींचा पाऊस पडतो. सोबत हेल्पलाइन नंबरांची एखादी जुनी यादी फिरते. त्यातले काही नंबर केव्हाच बंद पडलेले असतात, पण लावून बघायचे कष्ट कुणी घेत नाही. हेतू चांगलाच असतो. पण माणसाला बोलतं करणं हा या कामातला सोपा भाग आहे. तो बोलला, रडला, 'हो, मला मदत हवीय' म्हणाला, तर पुढे काय? कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, कुणाला भेटायचं? आपल्याकडे सोयी कमी आहेत हे खरं, पण अजिबात नाहीत असंही नाही. बऱ्याचदा माणूस चुकीच्या दारात उभा राहतो, आणि बरोबर दार सापडलं तरी दुसऱ्या खेपेला जात नाही.

एकच नंबर पाठ करायचा असेल तर १४४१६. टेलि-मानस. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने सुरू केलेली सेवा, बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या देखरेखीखाली चालते. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत. फोन लागला की आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवतात. इथे लोकांची एक चूक होते. मन मोकळं करतात, बरं वाटतं, फोन ठेवतात. फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: माझ्या जिल्ह्यात मानसोपचार ओपीडी कुठे आहे, कुठल्या वारी असते, आणि तिथे गेल्यावर कुणाला भेटायचं. हा कागद त्या तासाभराच्या बोलण्याइतकाच मोलाचा आहे.

फोनवरच बोलायचं असेल, ताण-नातेसंबंध-परीक्षा असं काही असेल, तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा २०१२ पासून चालू आहे, ९१५२९८७८२१. ती चोवीस तास नाही, त्यामुळे रात्री नाही लागला तर 'कुणालाच पडलेली नाही' असा अर्थ काढू नका. रात्रीसाठी १४४१६ आहेच.

मात्र हेल्पलाइन म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. कुणी काही खाल्लं-प्यायलं असेल तर समुपदेशन नंतर. आधी १०८, आणि ती यायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीने जवळचं रुग्णालय. कीटकनाशक असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा, आणि बाटली किंवा डबा सोबत न्या. लेबलवरचं औषधाचं नाव बघून डॉक्टरांना उपचार लगेच ठरवता येतो. 'आता बरा दिसतोय' म्हणून घरी थांबू नका; काही विषं दोन-तीन दिवसांनी डाव साधतात. 'पोलिस केस होईल' या भीतीने लोक तालुक्यातले खासगी दवाखाने फिरत बसतात आणि मोलाचे तास जातात. रुग्णालय एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद करेल, पोलिस जबाब घ्यायला येतील, हे होणारच. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही.

अजून काही घडलेलं नाही पण माणूस मरणाची भाषा करतोय, तर सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने डोक्यात नसलेला विचार भरत नाही. मग त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. गोळ्या दुसऱ्याने सांभाळायच्या, त्याच्या हातात त्या दिवसापुरत्याच.

आता दार कुठलं ते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट: एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, औषध लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो; त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका, ज्याच्याकडे आहे तो चटकन देतो. तिसरे समुपदेशक. यात एमए मानसशास्त्र करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारेही आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून 'माइंड कोच' झालेलेही. आवाज ऐकू येणं, संशय, झोप न लागता अंगात अचाट उत्साह, जेवणखाण सुटणं, जीव द्यायचे विचार, यांतलं काही असेल तर पहिलं दार डॉक्टरचं.

पैशाची अडचण असेल तर (आणि नसली तरी) जिल्हा रुग्णालयापासून, म्हणजे आपल्या सिव्हिलपासून सुरुवात करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये देशातल्या चार जिल्ह्यांत सुरू झाला, आता आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, समाजसेवक, परिचारिका अशी पदं असतात. सगळी भरलेली असतीलच असं नाही. ही टीम ठरलेल्या वारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतही जाते. कुठला वार कुठे, हे आशाताईंना विचारा, किंवा सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षकांना. सकाळी केसपेपर खिडकी उघडते तेव्हा पोचा, दुपारी ओपीडी आटोपलेली असते. खिडकीवर 'मानसोपचार' एवढंच सांगायचं, रांगेसमोर कहाणी सांगायची गरज नाही. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत. ससून, जेजे, घाटी ही वैद्यकीय महाविद्यालयांची आणि केईएम, सायन, नायर ही महापालिकेची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडे पैसे लागतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही रोजची ओपीडी चालते. तिथे गेलं म्हणजे आत टाकतात, हा समज आता तरी सोडा. गोव्यात बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे.

डॉक्टरला तुमच्यासाठी पाच-दहा मिनिटंच मिळणार हे धरून चाला. म्हणून घरूनच अर्धं पान लिहून न्या: कधीपासून, झोप किती तास, जेवण, काम सुटलंय का, दारू-तंबाखू किती (खरं लिहा), बीपी-शुगर-थायरॉइडच्या गोळ्या, काढे आणि पुड्यासुद्धा, घराण्यात कुणाला असं झालं होतं का. आणि एक गोष्ट ठळक लिहा: पूर्वी कधी याच्या अगदी उलट काळ होता का? म्हणजे चार-चार दिवस झोप नाही, तरी थकवा नाही, भरमसाट खर्च, अखंड बडबड. घरचे हे आजार म्हणून मोजतच नाहीत, 'तेव्हा तर छान होता' म्हणतात. पण तो बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि उन्माद आलटून-पालटून येणारा आजार, असेल आणि त्याला नुसतंच नैराश्याचं औषध मिळालं, तर उन्माद उसळू शकतो.

खरी गळती यापुढे आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो: मळमळ, डोकं जड, थोडी बेचैनी. म्हणजे पहिले दहा दिवस औषधाचा नुसता जाच, फायदा शून्य. नेमकी तेव्हाच पाकिटं कपाटात जातात आणि 'सरकारी गोळ्यांनी काही होत नाही' हा निष्कर्ष निघतो. जे टिकतात ते दीड महिन्याने बरं वाटल्यावर बंद करतात. पहिल्याच नैराश्यातही बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने औषध चालू ठेवायचं असतं, आणि थांबवायचं तर डॉक्टरच्या सांगण्यावरून हळूहळू. 'सवय लागेल' ही भीती या गोळ्यांबाबत फुकाची आहे. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, ज्या लोक ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून वर्षानुवर्षं बिनचिठ्ठीच्या आणतात. गंमत अशी की त्यांना कुणी 'मनोरुग्णाची गोळी' म्हणत नाही.

म्हणून मित्राला 'मी आहे ना' म्हणायचंच असेल तर त्याच्या दवाखान्याच्या दुसऱ्या खेपेला रजा काढा. पहिल्या वेळी घरातले चारजण जातात. दुसऱ्या वेळी बस चुकते, रोज बुडतो, पेपर सापडत नाही.

माणूस यायलाच तयार नसेल तर आधी घरच्यांनी जाऊन डॉक्टरला भेटावं. उपचार नाही तरी कसं बोलायचं याचा सल्ला मिळतो. चहात गोळी मिसळणं मात्र नको. कळलं की विश्वास संपतो, संशयाच्या आजारात तर 'मला विष घालतात' हे खरंच ठरतं. भगताकडे नेणाऱ्यांशी भांडत बसू नका, 'तिकडे जा, पण गोळी चालू ठेव' एवढं पदरात पाडून घ्या. मारहाण, साखळदंड, धुरी सुरू झाली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तिथे गप्प बसायचं नाही.

माणूस हिंसक झाला तर ११२. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पोलिसांना अशा आजारी माणसाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. 'आम्ही घरून उचलून नेतो' म्हणणाऱ्या खासगी केंद्रांपासून सावध राहा. व्यसनमुक्ती असो की पुनर्वसन, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र बघायला मागा आणि नातेवाइकांना कधी भेटू देता ते विचारा. 'महिनाभर भेट नाही' हे उत्तर आलं तर पत्ता बदला. व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथे कुटुंबालाही उपचाराचा भाग मानतात. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे.

आणि सांभाळणाऱ्यांचं काय? स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा आजार, घरात असेल तर पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन नातेवाइकांसाठी गट चालवते. ती सुरू केली कॅनडात राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी. ठाण्याच्या आयपीएचमध्येही, ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी १९९० ची संस्था, असे गट आहेत.

कागदाचं थोडं. आजार लांबला आणि अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त ठरलं तर यूडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रावर, सवलती मिळतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी सिव्हिलच्या बोर्डापुढे. उपचाराचे सगळे केसपेपर एकाच फाइलीत ठेवा, बोर्ड ते मागतो. विम्याचंही तसंच. शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजाराला संरक्षण देणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे, पण बहुतेक पॉलिसींत ते भरती झाल्यावरच मिळतं, ओपीडीच्या गोळ्यांचे पैसे मिळत नाहीत. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे द्या, तीस दिवसांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.