तो हात गुळगुळीत करू नका

सकाळी सकाळी डोकं फिरलं. एका ग्रुपवर कुणीतरी 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' या सिनेमातला, माणसाचा लांडगा होतो तो रूपांतराचा प्रसंग टाकलाय, एआयने 'सुधारलेला'. वर लिहिलंय, आता खरं वाटतं. खाली बदामांचा पाऊस.

काय खरं वाटतं? लांडगा होणारा नायक डेव्हिड डोळ्यासमोर हात धरतो आणि तळहात लांबत जातो, तो शॉट आठवा. या क्लिपमध्ये त्या हाताच्या सुरकुत्या गेल्या, रोमरंध्रं गेली, कातडी ताणली जाताना दिसणारा ताण गेला. उरलाय मेणाचा हात. मेणाच्या हाताला दुखतं का?

आणि त्या प्रसंगात सगळं दुखण्यावरच उभं आहे. दिग्दर्शक जॉन लँडिसने ही पटकथा १९६९ मध्ये लिहिली, एकोणिसाव्या वर्षी. मग वर्षानुवर्षं नकार ऐकले. पैसे लावणाऱ्यांना ती विनोदी म्हणून फार भयानक वाटायची आणि भयपट म्हणून फार विनोदी. १९८१ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्याचा हट्ट एकच होता: माणसाचा लांडगा होताना हाडं सरकलेली दिसली पाहिजेत, तीही भरपूर उजेडात. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये मेकअपवाल्या जॅक पियर्सने याकचे केस थराथराने चिकटवले आणि एक प्रतिमा दुसरीत विरघळवली. त्या काळात ते कौतुकाचंच काम होतं. पण विरघळण्यात वेदना नसते. माणूस पुसट होतो, लांडगा उमटतो, संपलं.

लँडिसच्या सिनेमाचा मेकअप करणाऱ्या रिक बेकरला विरघळवायचं नव्हतं, ताणायचं होतं. आता 'रबरच तर आहे' म्हणणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण त्या रबरात काय काय जातं ते ठाऊक नसतं म्हणूनच माणसं ते इतक्या सहज पुसतात.

अशा कामात आधी नटाचा ठसा घ्यावा लागतो. दाताचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ते अल्जिनेट चेहऱ्यावर, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या. त्यातून प्लास्टरचा चेहरा निघतो, त्यावर मातीत नवा चेहरा घडवायचा, त्याचा साचा काढायचा आणि मधल्या फटीत फोम लॅटेक्स, म्हणजे फेसाळ रबर, भरायचं. त्याचं नेहमीचं प्रमाण म्हणजे १५० ग्रॅम लॅटेक्स, ३० ग्रॅम फेस आणणारं द्रव्य, १५ ग्रॅम रबर पक्कं करणारं, आणि साधारण १४ ग्रॅम मिश्रण घट्ट करणारं जेल. यातलं जेल सर्वात दगाबाज. खोली गरम असली की मिश्रण भांड्यातच घट्ट होतं. जेल कमी पडलं की फेस बसतो आणि तुकड्यात भोकं पडतात. मग साचा मंद आचेवर, ८५ अंशांच्या आसपास, काही तास भाजायचा. घाईने गरम साचा उघडला की तुकडा फाटतो. बरा निघाला तरी एकदाच चालतो, कारण काढताना त्याची पातळ कड फाटतेच. म्हणजे शूटिंगच्या प्रत्येक दिवसाला नवा संच. शिवाय घाम आला की तोंडाच्या कोपऱ्यापासून कड सुटायला लागते.

हे झालं नटाच्या अंगावरचं. तो लांबणारा हात मात्र खोटा आहे. आत सरकणारी यंत्रणा, वर ताणलं जाणारं रबर. कातडी जाड झाली तर हलत नाही, पातळ झाली तर ऐन शॉटमध्ये चिरते. साधा रंग ताणल्यावर तडकतो, म्हणून रंगही रबराबरोबर ताणला जाणारा लागतो. तोंड पुढे येऊन लांडग्यासारखं होतं त्यासाठी वेगळी डोकी केली होती, त्यांना 'चेंज-ओ-हेड' म्हणायचे. केस उगवतात तो शॉट तर उलटा आहे! केस कातडीतून मागे ओढून घेतले आणि फिल्म उलटी चालवली. पुढे लांडग्याचं धड दिसतं तेव्हा डेव्हिडचं काम करणारा डेव्हिड नॉटन फरशीच्या भोकात उभा आहे, डोकं आणि हात वर, मागे जोडलेलं केसाळ शरीर खोटं. जेमतेम अडीच मिनिटांच्या प्रसंगासाठी एवढा खटाटोप, आणि तो करणाऱ्या बेकरच्या टीममधली बरीचशी विशीतली पोरं होती.

लंडनच्या पिकॅडिली सर्कस या चौकातला पूर्ण लांडगा एकदोन शॉटमध्ये ताठर दिसतो, मान्य. शेवटही फार झटकन उरकलाय, तेही मान्य. आणि संगणकावर उत्तम कामं होतात, त्याबद्दल वाद नाही. पण १९९७ चा पॅरिसवाला पुढचा भाग बघा आणि मग सांगा, त्यातल्या संगणकी लांडग्याने कुणाला घाबरवलं!

हे लिहिताना मूळ प्रसंग परत लावला आणि राग थोडा निवळला. किती प्रेमाने केलंय ते. नर्सचं साधंसुधं घर, दिवे चालू, सॅम कुकचा हळुवार 'ब्लू मून'. हाडं मोडत असताना हा पोरगा आपल्या मेलेल्या मित्राची माफी मागतो, कशाबद्दल, तर त्याला मीटलोफ (भाजलेल्या खिम्याचा गोळा) म्हणाल्याबद्दल. तो मित्र जॅक मेल्यावरही भेटायला येतो; आधी हॉस्पिटलात येतो तेव्हा फाटलेल्या गळ्याला कातडीचं छोटं लक्तर लोंबतंय आणि साहेब टोस्ट मागतात. तो बोलला की ते लक्तर हलतं. हसू तिथूनच येतं आणि शिसारीही तिथूनच! दर भेटीत तो आणखी कुजलेला दिसतो. शेवटी तर ते बाहुलं आहे, आणि त्याचं तोंड जॅकचं काम करणारा ग्रिफिन डन स्वतः हलवतोय.

मेकअपसाठी स्वतंत्र ऑस्कर सुरू झालं ते १९८१ च्याच सिनेमांपासून आणि पहिलं बेकरला मिळालं. हाच सिनेमा पाहून मायकल जॅक्सनने लँडिस आणि बेकरला 'थ्रिलर' गाण्याच्या व्हिडिओसाठी बोलावलं. आपल्याकडे १९९२ च्या 'जुनून'मध्ये राहुल रॉयचा वाघ झाला, त्याचं मूळही इथेच. एवढं सगळं ज्यातून निघालं ते आता एका बटणाने 'दुरुस्त' करायचं?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी ती क्लिप बघू नका. मूळ सिनेमा मिळवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) असेल ते बंद करा, नाहीतर टीव्हीही तेच पाप करेल. खोलीत अंधार करा, आवाज मोठा ठेवा, कारण हाडांचा करकर आवाज अर्धं काम करतो. आणि डेव्हिड 'जळतोय मी' असं ओरडत कपडे फाडायला लागला की हाताकडे लक्ष ठेवा. बोटांकडे नको, तळव्याकडे.