दोनशे ऐंशी फुटांची फट

गीझर गळत होता म्हणून प्लंबर आला. पाइपापर्यंत हात पोचेना, म्हणून त्याने भिंतीवरचा साबणाचा स्टँड काढला. बारा वर्षं तो स्टँड एका जागी होता. तो निघाला आणि मागे वीतभर भिंत उघडी पडली. त्या वीतभर भिंतीत, दोन टाइल्सच्या मधली फट पांढरीशुभ्र होती.

मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या बाथरूमच्या फटी चहाच्या रंगाच्या आहेत, असं आम्ही धरून चाललो होतो. टाइल बिस्किटी, फट चहाची. मुद्दाम निवडलेली रंगसंगती म्हणून मी एका पाहुण्याला ती दाखवलीही होती.

"अहो, आधी तो स्टँड परत लावायला सांगा," बायको हळूच म्हणाली.

स्टँड लागला. पण आंघोळीला गेलं की नजर तिथेच. त्याच्यामागे पुरावा होता ना!

मावशींना विचारून पाहिलं. त्यांनी दारातूनच एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "दादा, फरशी पुसणं वेगळं आणि फटी घासणं वेगळं. फटींचं आपलं ठरलेलं नाही." खरं होतं. शिवाय हे काम माझ्याच गळ्यात पडायला एक जुनं कारणही होतं. टाइल्स बसवताना मिस्त्रीने विचारलं होतं, "साहेब, इपॉक्सी भरू की साधं?" इपॉक्सी डाग धरत नाही, पण महाग. मी साधं म्हणालो. साधं म्हणजे फटीत भरायचं सिमेंटचं मिश्रण, ग्राउट. त्याला बारीक बारीक छिद्रं असतात आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं ते समोर येईल ते पितं. आमच्या ग्राउटने बारा वर्षं बोअरचं पाणी, साबण, खोबरेल तेल आणि बारा दिवाळ्यांचं उटणं प्यायलं. तेव्हा वाचवलेल्या पैशांचं काय केलं ते मला आठवत नाही. वाचवले होते, हे मात्र बायकोला आठवतं.

रविवारी कामाला बसण्याआधी मी हिशेब केला. करायला नको होता. बाथरूम सहा बाय चार, टाइल एक बाय एक, भिंतीला सात फुटांपर्यंत. दार वजा करून फटींची लांबी भरली साधारण २८० फूट. कुतुबमिनार २३८ फुटांचा आहे. म्हणजे एक अख्खा कुतुबमिनार खालून वरपर्यंत टूथब्रशने घासायचा आणि वर चाळीसेक फूट हवेत घासत जायचं.

ब्रश घरात होताच. आमच्याकडे टूथब्रश मरत नाही, त्याची बदली होते. दातांवरून कंगव्याकडे, कंगव्यावरून शिलाई मशीनकडे, आणि अगदीच केस झडले की परकराची नाडी ओवायला. त्यातला एक मधल्या फळीतला उचलला.

पहिला प्रयोग खायचा सोडा आणि व्हिनेगर. फटीत सोडा भरला, वरून व्हिनेगर ओतलं. काय ती फसफस! मला वाटलं, मळाचा जीव जातोय. मी घरातल्यांना बघायला बोलावलं. दहावीतली कन्या आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की काय तयार होतं?"

"काय?"

"क्षार आणि पाणी. आणि इथे वरून बुडबुडे."

म्हणजे क्षार काढायला बसलो होतो आणि स्वखर्चाने नवे क्षार तयार करत होतो.

मग हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्याने प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच ॲसिडची बाटली काउंटरवर ठेवली. "दोन मिनिटांत चकाचक." दाराआडच्या कोपऱ्यात थोडं टाकून पाहिलं. दोन मिनिटांत खरंच मळ गेला. फटही गेली. ॲसिड सिमेंटलाच खातं, त्यामुळे मळाला धरायला काही उरलंच नाही. सोबत त्याने ब्लीचिंग पावडरही दिली होती, "दोन्ही मारा" म्हणून. कन्येने ती माझ्या हातातून काढून घेतली. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये त्याची गंमत नसते.

शेवटी कोणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवलं, तीन टक्क्यांचं. मेडिकलमध्ये गेलो. त्याने काळजीने विचारलं, "कुठे लागलंय?"

"बाथरूममध्ये," मी म्हणालो.

"हो, पण कुठे?"

हे मात्र चाललं. सोड्यात पेरॉक्साइड कालवून शिकरणीएवढं सैल करायचं, फटीत भरायचं, पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, मग घासायचं आणि ओल सुकायच्या आत फडक्याने टिपून घ्यायचं. हे टिपणं विसरलात तर सुटलेला मळ पुन्हा फटीत जाऊन बसतो. तो घरचाच आहे.

पहिली फूटभर फट पांढरी झाली आणि मी फसलो. तोवर सगळं बाथरूम एकसारखं मळकं, म्हणून सुसह्य होतं. आता त्या एका पांढऱ्या रेघेमुळे उरलेलं २७९ फूट थेट घाण दिसायला लागलं. मागे फिरायची सोय राहिली नाही. पाटावर उकिडवा बसून तीन रविवार घासलं. गुडघ्यांनी असहकार पुकारला, अंगठ्याला घट्टा पडला. आजीच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती, तिला सांधाच नव्हता, हे त्या तीन रविवारांत मला फार वेळा आठवलं.

चौथ्या रविवारी आत्या आली. हात धुवायला आत गेली. मी सहज उभा असल्यासारखा दाराशी उभा राहिलो. बायकोने वॉशबेसिनऐवजी मुद्दाम बाथरूमच दाखवलं होतं. आत नळ वाजला, बंद झाला, बराच वेळ काही आवाज नाही. बघत असणार. मग आत्या पदराला हात पुसत बाहेर आली.

"अरे, छान केलंस हो," ती म्हणाली.

मी नम्रपणे मान खाली घातली.

"गीझर नवा घेतलास ना? मस्त तापतंय पाणी."