बबूनांची टोळी एकट्या नराच्या मागे चालत नाही

गवतातून रांगेत चाललेल्या बबूनांचं, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या माकडांचं, एक छायाचित्र सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आहे. खालचा मजकूर थोडक्यात असा: सर्वांत ताकदवान नर पुढे चालतो आणि वाट तोच ठरवतो. दुबळे मधे असतात, रक्षणाला नर मागे. टोळी जितकी मोठी तितकी सुखी, म्हणून ती फुटत नाही. सगळ्या बबूनांचा नियम हाच. हा मजकूर शिक्षकही पुढे पाठवत आहेत, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देणं गरजेचं वाटतं.

आधी "वाट तोच ठरवतो" हा दावा. नर बबून मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो, त्याचे सुळे भीतिदायक असतात, आणि खाण्यावर हक्क सांगण्यात तो खरोखरच वरचढ ठरतो. पण दुसऱ्याला हुसकावून त्याची जागा घेणं वेगळं आणि अख्ख्या टोळीला आपल्यामागे वळवणं वेगळं. केनियातल्या म्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात २०१२ साली ऑलिव्ह जातीच्या बबूनांच्या एका टोळीतल्या २५ जणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले गेले. दिवसभर, दर सेकंदाला, कोण कुठे आहे याची नोंद होत राहिली. संशोधक एरियाना स्ट्रँडबर्ग-पेश्किन, मार्गारेट क्रोफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलेले त्याचे निष्कर्ष स्पष्ट आहेत. एखादा बबून एका दिशेला थोडा पुढे जातो. बाकीचे आले तर टोळी सरकते, नाही आले तर तो परत फिरतो. अशा पुढाकारांत वरच्या दर्जाच्या प्राण्यांना इतरांपेक्षा जास्त साथ मिळत नव्हती. फरक पडत होता तो किती जण एकाच बाजूला निघाले आहेत याने. दोन गट दोन दिशांना ओढत असतील आणि त्या दिशांमधला कोन साधारण ९० अंशांपेक्षा कमी असेल, तर मागचे मधली वाट धरत. कोन त्याहून मोठा असेल तर एक बाजू निवडत, आणि बहुतेकदा जिकडे जास्त जण तीच. मला तरी हे दृश्य एका बलदंड नेत्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं.

उलट पुरावाही आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. नामिबियातल्या त्साओबिस इथे संशोधकांनी चक्मा जातीच्या बबूनांसाठी मुद्दाम एका जागी भरपूर खाणं ठेवलं. तिथे टोळी प्रमुख नराच्या मागे गेली, इतरांच्या वाट्याला फारसं काही येत नसतानाही, आणि त्याच्याशी जवळीक असलेले प्राणी सर्वांत लगोलग गेले. म्हणजे प्रमुख नराचं वजन शून्य नसतं. पण ते खाणं एकट्याला अडवून धरता येईल असं होतं. रोजचं गवत, कंद, शेंगा, बिया असे एका ठिकाणी रचलेले नसतात.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच. सवाना म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातल्या बबूनांमध्ये नर वयात आला की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातो. माद्या मात्र जन्मभर तिथेच राहतात. प्रमुखपद काही महिन्यांत किंवा फार तर काही वर्षांत हातचं जातं. पाणवठे आणि झोपायची झाडं आयुष्यभर पाहिलेली असतात ती माद्यांनी.

दुबळे मधे आणि नर पुढे-मागे, ही रांगेच्या क्रमाची कल्पना मानवशास्त्रज्ञ शेरवुड वॉशबर्न आणि अर्विन डिव्होर यांनी १९६०च्या सुमारास मांडली. बबूनांचे अभ्यासक स्टुअर्ट ऑल्टमन यांनी १९७९ मध्ये नोंदी तपासल्या तेव्हा तो क्रम बराचसा यदृच्छ निघाला. दक्षिण आफ्रिकेतल्या केप द्वीपकल्पावरचा अलीकडचा अभ्यास तर सांगतो की कोण कुणामागे चालतो हे मुख्यतः कोण कुणाच्या जवळचा आहे यावर ठरतं, आणि वरच्या दर्जाचे प्राणी बहुधा मधे सापडतात.

आता "जितकी मोठी तितकी सुखी". मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच मुद्दा, कारण तो अर्धा खरा आहे. बिबट्याची चाहूल जास्त डोळ्यांना लवकर लागते आणि शेजारच्या टोळीशी गाठ पडली तर संख्या उपयोगी येते. पण तोंडं वाढली की एका जागचं खाणं लवकर संपतं, पुढची जागा गाठावी लागते, आणि आपसातली खेचाखेच वाढते. केनियातल्या अंबोसेलीमध्ये १९७१पासून बबूनांवर सलग लक्ष ठेवलं जात आहे. कॅथरीन मार्कम यांनी सहकाऱ्यांबरोबर तिथल्या पाच टोळ्यांच्या ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०१५ मध्ये दाखवलं की मोठ्या आणि लहान, दोन्ही टोळ्यांचा वावर जास्त विस्तृत होता आणि रोजची चालही लांब होती. मध्यम आकाराच्या टोळ्यांवर हा भार कमी होता, आणि तिथल्या माद्यांच्या विष्ठेतलं ताणाशी निगडित संप्रेरकही सर्वांत कमी होतं. लहान टोळीला एवढं का चालावं लागतं? खाण्याची टंचाई हे त्याचं उत्तर दिसत नाही. शिकारी प्राण्यांचा धोका आणि शेजारच्या मोठ्या टोळ्यांचा दाब हीच कारणं तिथे जास्त संभवतात. "फुटत नाही" हे तर सरळ चूक. फार वाढलेल्या टोळ्या अंबोसेलीत अनेकदा दोन झाल्या आहेत.

शेवटी, "सगळ्या बबूनांचा नियम". बबूनांच्या सहा प्रजाती मानल्या जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकन्सबर्ग पर्वताच्या उंच भागात खाणं विरळ आहे आणि टोळ्याही लहान. इथिओपियातल्या हमाद्र्या बबूनांचं आणखीच निराळं. रात्री एकाच कड्यावर शेकडो जमतात आणि सकाळी लहान गटांत पांगतात. मग टोळीचा आकार कोणता धरायचा, रात्रीचा की दुपारचा? हमाद्र्यांमध्ये नर आपल्या माद्यांना खरोखरच धाकात ठेवतो, त्यामुळे एकाधिकाराचा दावा कुठे टिकायचा तर इथे टिकायला हवा. पण प्राणिशास्त्रज्ञ हांस कुमर यांनी तिथेच नोंदवलं आहे की सकाळी कड्यावरून निघण्याआधी वेगवेगळे नर वेगवेगळ्या दिशांना थोडे पुढे होतात, थांबतात, मागे सरतात. ही देवाणघेवाण बराच वेळ चालते आणि मगच सगळे एका बाजूला निघतात.